किमोनो परत करायला सूरपर्यंत

आमच्या घराण्यात समुद्र ओलांडायला सबळ कारण लागतं आणि परत यायला एकही लागत नाही. माझी धाकटी बहीण सुषमा मात्र बारा वर्षांपूर्वी नवऱ्यामागून मस्कतला गेली ती तिथलीच झाली. दर दिवाळीला तिचा फोन, "दादा, या हिवाळ्यात ये." दर दिवाळीला माझं उत्तर, "बघू." दोन हजार तीन सालच्या जानेवारीत मात्र दोन गोष्टी जुळून आल्या. मी ज्या पाक्षिकाला लेख पाठवतो त्यांना परदेशी वस्त्रांवर विशेषांक काढायचा होता, आणि माझ्या वाट्याला जपान आला. त्याच आठवड्यात सुषमा सहज म्हणाली, की तिच्या घरी सध्या एक साठ-पासष्ट वर्षं जुना जपानी किमोनो मुक्कामाला आहे. संपादकांना मला जपानला पाठवणं परवडणारं नव्हतं आणि मस्कतला मी स्वखर्चाने जाणार होतो. त्यामुळे जपानवरचा लेख ओमानमधून लिहायचं ठरलं. आमच्या धंद्यात याला प्रत्यक्ष वार्तांकन म्हणतात.

तुम्ही जाणार असाल तर सांगतो: जाण्याचे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. व्हिसाची खटपट तिकडच्या नातेवाइकाने करायची असते, म्हणून निघण्याआधी वर्षभर नातेवाइकाशी गोड राहावं. मुंबईहून विमान अडीच तासांत पोचतं. पुण्याहून मुंबई विमानतळावर पोचायला मला त्याहून जास्त वेळ लागला होता. रियाल तेव्हा एकशेवीस रुपयांच्या आसपास होता. पहिले चार दिवस माणूस प्रत्येक किमतीला एकशेवीसने गुणतो. पाचव्या दिवशी दमतो आणि मग त्याला सुटीचा आनंद मिळू लागतो.

सुषमाचं घर अल हैलला, विमानतळापासून जवळ, समुद्राच्या अंगाला. घरं पांढरी, भिंती पांढऱ्या, ऊनही पांढरं. माझे मेहुणे विश्वासराव गालाला, म्हणजे गॅरेज आणि वर्कशॉपांच्या भागात, पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीत. स्वभावाने सत्पुरुष. फक्त बारा वर्षांत त्यांच्या मराठीला अरबी फोडणी बसलीय. एखादी गोष्ट होणार असेल तर ते "हो" म्हणतात, आणि होणार नाही याची खात्री असली की "इन्शाल्ला".

पहिल्याच दुपारी सुषमाने आतल्या खोलीत नेऊन किमोनो दाखवला. पडद्याच्या दांडीवर दोन्ही बाह्या पसरून, एखाद्या मोठ्या फुलपाखरासारखा तो टांगला होता. गर्द जांभळ्या रेशमावर बाणाच्या पिसांसारखी पिवळी-तांबडी नक्षी, आणि प्रत्येक पिसाची कड किंचित पुसट, ओल्या कागदावर शाई फुटावी तशी. साठ वर्षांचं वस्त्र, पण रंग असा की आत्ताच कोणीतरी भांडून उठलंय.

त्याची मालकीण हारुको. तिचा नवरा ओमानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सूर गावाजवळ गॅसप्रकल्पावर इंजिनिअर. ती मस्कतमधल्याच मदिनत सुलतान काबूस वस्तीत सुषमाच्या एका मैत्रिणीच्या शेजारी राहायची. सुषमाने तिला पुरणपोळी शिकवली, तिने सुषमाला कागदाचा बगळा शिकवला, आणि हिचा बगळा आणि तिची पोळी सारखीच फाटायची, त्यातून मैत्री जमली. तिथल्या बायकांनी एका शाळेच्या हॉलमध्ये देशोदेशीच्या वस्त्रांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा जपानच्या टेबलासाठी हारुकोने हा किमोनो दिला. "फक्त टांगायचा, कोणी घालायचा नाही," एवढंच सांगितलं. प्रदर्शनाच्या आधीच तिला नवऱ्याकडे सूरला राहायला जावं लागलं. वस्त्र सुषमाच्या स्वाधीन राहिलं. आता गुरुवारी ते सूरला पोचवायचं होतं.

"दादा, तुला म्हणून सांगते," सुषमा दार लोटून म्हणाली. "प्रदर्शनात कोणीतरी ओढाताण केली रे. घरी आणून बघते तर दोन्ही काखांत वीतवीतभर उसवलेलं! बाह्यांची आतली कडसुद्धा मोकळी. दुसऱ्याची वस्तू!"

"मग?"

"मग काय, शिवलं. दोन दुपारी बसले. बघ बरं, कळतंय का कुठे शिवलंय ते?"

मी चष्मा वर करून पाहिलं. खरंच कळत नव्हतं. सुषमाची बखई आमच्या आईकडून आलेली, मुंगीच्या पावलांची.

"आणि कडांना सगळीकडे पांढरे कच्चे धागे तसेच राहिले होते. शिंप्याने काढलेच नव्हते, आळशी मेला. तेही काढून टाकले. आता कसं नीटनेटकं दिसतंय!"

आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. निदान चार शेंगदाणे तरी घालतात. त्याच धर्माने सुषमाने परक्याचं वस्त्र शिवून, साफ करून, कडक करून ठेवलं होतं. मी तिचं मनापासून कौतुक केलं. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे तिचीच चूक ठरली.

मंगळवारी दुपारी लेखासाठी हारुकोची मुलाखत फोनवर घ्यायचं ठरलं. नंबर सुषमाने फिरवला, स्पीकरचं बटण विश्वासरावांनी दाबलं, वही मी उघडली. बोलणं माझ्या इंग्रजीत आणि तिच्या इंग्रजीत झालं. ही दोन इंग्रजी एकमेकींना फारशा ओळखत नव्हत्या, म्हणून इथे दोन्हींचं मराठी करतो.

किमोनो या शब्दाचा अर्थ 'अंगावर घालायची वस्तू' एवढाच, हे ऐकून मला फार बरं वाटलं. आपल्याकडचं 'वस्त्र' तरी कुठे जास्त बोलतं? एका किमोनोला कापडाचं एकच ठाण लागतं, बाराएक मीटर लांब आणि जेमतेम हातभर रुंद. त्याच्या सरळ पट्ट्या कापायच्या. गोल काप नाही, चिंधी नाही. जुन्या काळी दरबारी लोकांच्या थरावर थर चढवलेल्या कपड्यांच्या आतला हा साधा अंगरखा. हळूहळू वरचे थर गळाले, आतला बाहेर आला आणि राष्ट्रीय पोशाख होऊन बसला. धुवायचा तर सगळी शिवण उसवायची, पट्ट्या धुवून फळीवर ताणून वाळवायच्या आणि पुन्हा शिवायचा. विटला की उलटा करून शिवायचा, मग त्याचं अस्तर, मग उशी, मग बाळाचं दुपटं, मग फडकं. मी वहीत लिहिलं: वस्त्राची आश्रमव्यवस्था. आपलं लुगडंही अशाच वाटेने गोधडी होतं आणि पोतेरं होऊन मोक्षाला जातं.

तिने आणखी एक गंमत सांगितली. एके काळी तिकडे सामान्य माणसाने भपका करू नये असा सरकारी दंडक होता. तेव्हा व्यापारी बाहेरून काळे-करडे झगे घालायचे आणि आतल्या अस्तरावर वाघ, लाटा, ड्रॅगन रंगवून घ्यायचे. असे गृहस्थ पुण्यात मी बरेच पाहिले आहेत. फक्त अस्तर दाखवायची वेळ त्यांच्यावर सहसा येत नाही.

"आणि हा तुमचा जांभळा?" मी विचारलं.

"तो मेइसेन," हारुको म्हणाली. "स्वस्त रेशीम. सूत आधी छापतात, मग विणतात, म्हणून नक्षीची कड पुसट दिसते. माझ्या आईच्या तरुणपणी दुकानातल्या, ऑफिसातल्या मुली असे झगझगीत घालायच्या. आईने पहिल्या पगारातून कापड घेतलं आणि स्वतः शिवलं. तेवढ्यात युद्ध आलं. रंगीत कपडे घालणं वाईट दिसायला लागलं. मग उपासमार आली. लोक एकेक किमोनो शेतकऱ्यांना देऊन तांदूळ आणायचे. आईने बाकीचे सगळे दिले, हा नाही दिला. मग मी झाले. मग आई म्हणाली, आता एवढ्या भडक रंगाचं वय नाही राहिलं."

"म्हणजे त्यांनी तो कधीच…"

"कधीच नाही घातला. त्याची खूण आहे ना त्याच्यावर. कडांना पांढरा कच्चा धागा आहे, पाहिलात? नव्या किमोनोच्या घड्या बसाव्यात म्हणून घालतात. घालायच्या दिवशी काढायचा. धागा आहे म्हणजे किमोनो अंगाला लागलेला नाही. ते आईच्या हातचे टाके आहेत. तिच्या हातचं माझ्याकडे तेवढंच राहिलंय."

मी सुषमाकडे पाहिलं. सुषमा भिंतीकडे पाहत होती.

"जुना किमोनो पाहायचा असेल तर आणखी कुठे बघावं?" विश्वासरावांनी विचारलं. बिचाऱ्यांना विषय बदलायचा होता.

"काखेत बघा," हारुको उत्साहाने म्हणाली. "बायकांच्या किमोनोला काखेत मुद्दाम जागा उघडी ठेवतात. कमरेचा पट्टा बांधताना हात घालायला, आणि हवेसाठी. बाहीची आतली कडसुद्धा मोकळी असते. परदेशी लोकांना वाटतं, उसवलंय!" आणि ती खळखळून हसली.

आम्ही तिघंही हसलो. सुषमाचं हसणं मी आजवर ऐकलेल्या आवाजांत सर्वांत कठीण होतं.

फोन ठेवल्यावर घरात सुतक आलं. सुषमाने शिवणाच्या डब्यातून एक पुठ्ठ्याचा तुकडा काढला. त्यावर पांढरा धागा व्यवस्थित गुंडाळलेला होता. "धागा चांगला होता," ती पुटपुटली. "टाकवेना, म्हणून ठेवला."

"फेकला नाहीस हेच नशीब," विश्वासराव म्हणाले. "दादा, आपण सरळ सांगून टाकू. ती समजूतदार आहे. इन्शाल्ला, रागावणार नाही."

त्यांच्या तोंडून 'इन्शाल्ला' ऐकताच सुषमा रडायला लागली.

तिने आपली बखई स्वतःच उसवायला घेतली, पण रेशीम जुनं. एक टाका निघाला, तो निघताना कापडाने जो बारीक 'टच्च' आवाज केला त्याने आम्ही तिघं खुर्चीतून उठलो. मग विश्वासरावांनीच तोडगा काढला. सूरच्या वाटेवर इब्रा लागतं. तिथे बुधवारी सकाळी बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका, पुरुषांना आत मज्जाव. शिवणकामात हयात गेलेल्या म्हाताऱ्या तिथे बसलेल्या असतात. गुरुवारऐवजी बुधवारीच निघू म्हणत त्यांनी रजा टाकली आणि हारुकोला तसं कळवलं.

प्रवाशांसाठी सूचना: निघा सकाळी सहाला. निझव्याच्या हमरस्त्याने बिदबिदपर्यंत, तिथून डावीकडे सूरचा फाटा. पुढे रस्ता एकेरी पण गुळगुळीत, दोन्ही बाजूंना करपलेल्या भाकरीच्या रंगाचे डोंगर. अधूनमधून उंट. उंट रस्ता ओलांडत असेल तर थांबायचं, तो आपल्यासाठी थांबत नाही. तिकडच्या गाड्या एकशेवीसच्या वर गेल्या की टिंगटिंग वाजतात. विश्वासरावांची गाडी सतत वाजत होती, त्यामुळे किमोनो मांडीवर घेऊन बसलेली सुषमा देवळातल्यासारखी दिसत होती. वाटेत पेट्रोलपंपाशी मलबारी माणसाचं कॉफी शॉप लागतं. पराठा, डाळ आणि दुधाळ गोड चहा, तिघांचं मिळून रियालही झाला नाही. सुषमाने चहासुद्धा गाडीबाहेर उभं राहून प्यायला. "थेंब उडाला तर?"

इब्रा खजुरांच्या बागांतलं जुनं गाव. साडेआठला पोचलो तर बाजार रंगात आलेला. छपराखाली ओळीने बायका बसलेल्या. कापडं, जरीच्या पट्ट्या, ऊद, सुरमा, काजळ, सगळं एकमेकांत मिसळून एकच वास. हे मी दारातूनच सांगतोय. एक पाऊल पुढे टाकलं तेव्हा आतून एका बाईने नुसता तळहात दाखवला. मला संस्कृतातली अनेक निषेधवाक्यं पाठ आहेत, पण इतकं संक्षिप्त एकही नाही.

सुषमा गाठोडं उराशी धरून एकटीच आत गेली. आम्ही दोघं समोरच्या कट्ट्यावर बसलो. तिथे आधीच सहा-सात ओमानी पुरुष बसले होते. त्यांच्याही बायका आत होत्या. एक पांढऱ्या दाढीचे आजोबा सरकले, जागा दिली, थर्मासमधून कडू कॉफीचा घोटभर कप पुढे केला. विश्वासरावांनी त्यांना अरबी-हिंदी मिसळून सांगितलं, की आमचं जपानी कापड आत गेलंय.

आजोबांनी आपल्या पायघोळ दिशदाशाची बाही दोन बोटांत चोळून दाखवली. "जपानी," ते अभिमानाने म्हणाले. "सबसे अच्छा." मग कट्ट्यावरच्या सगळ्यांनी आपापल्या बाह्या चोळून दाखवल्या. सगळ्यांचं कापड जपानी. जपानवरचा लेख ओमानमधून लिहिण्यात मी काही चूक करत नाही अशी माझी त्या क्षणी खात्री पटली.

"कितनी देर लगेगी?" विश्वासरावांनी विचारलं.

आजोबांनी बाजाराकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. "इन्शाल्ला," ते म्हणाले. विश्वासराव समजले आणि त्यांनी चपला काढून पाय वर घेतले.

दीड तासाने सुषमा बाहेर आली, चेहरा उजळलेला. आत काय घडलं ते गाडीत बसल्यावर कळलं. नाकावर उभी पट्टी असलेला मुखवटा घातलेल्या उम्म सईद नावाच्या एका म्हातारीने किमोनो मांडीवर घेतला, आणि पाच मिनिटांत भोवती वीस बायका. प्रत्येकीने काखेतून हात घालून पाहिला. उम्म सईदने सुषमाची बखई बोटाने चाचपली आणि म्हणाली, "शिवण उत्तम. जागा चुकली." मग बारीक सुईने एकेक टाका असा उचलून काढला की कापडाला पत्ताही लागला नाही. काखा आणि बाह्यांच्या कडा पूर्ववत मोकळ्या. मग तिला पुठ्ठ्यावरचा पांढरा धागा दिसला. कडांवरची जुनी भोकंही दिसली.

"आणि दादा, तिने सुई ओवली, त्याच धाग्याने, त्याच भोकांतून सगळे टाके परत घातले! मी नको म्हणेपर्यंत एक बाजू झालीसुद्धा. म्हणाली, 'खलास! मा फी मुश्किल, काही अडचण नाही, कोणाला कळणार नाही.'"

"मग तू नको म्हणालीस?"

सुषमाने गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"पैसे किती घेतले?" विश्वासराव.

"घेतलेच नाहीत. म्हणाली, किमोनो एकदा अंगाला लावून बघू का? मी नाही म्हटलं. तेव्हा रुसली."

इब्रा ते सूर दीडशे किलोमीटरच्या वर. उजव्या हाताला बिदियाच्या वाळूच्या टेकड्या सुरू होतात, जिऱ्याच्या पुडीच्या रंगाच्या. प्रवासी तिथे थांबून फोटो काढतात. आम्ही थांबलो नाही, कारण गाडीत शास्त्रार्थ चालू होता.

पूर्वपक्ष विश्वासरावांचा: सांगायलाच हवं, मैत्रीत लपवाछपवी नको. उत्तरपक्ष सुषमाचा: धागा तोच, भोकं तीच, मग बिघडलं काय? उगाच तिच्या जिवाला घोर. मी मध्यस्थ. मध्यस्थाने दोन्ही बाजूंचं म्हणणं अधिक अवघड करून सांगायचं असतं, ते मी केलं. धागा आईचा असला तरी टाका आईचा नाही, कारण टाका म्हणजे धागा नव्हे, हाताची कृती. पण कृती तर क्षणात संपते, उरतो तो धागाच, म्हणून…

"दादा," सुषमा म्हणाली, "तू आता समुद्र येईपर्यंत बोलू नकोस."

अल कामिलनंतर रस्ता डोंगरांतून वळतो आणि अचानक खारा वारा येतो. सूर आलं. गावात अजून लाकडी गलबतं बांधतात, सागवान मलबारातून येतं. तुम्ही गेलात तर तो कारखाना जरूर पाहा, आत सोडतात. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला. बुधवारी दुपारी एक वाजता आम्ही हारुकोच्या दारात उभे होतो.

हारुको पंचावन्नची, लहान चणीची, करड्या केसांची, करड्या कपड्यातली. घरातही सगळं करडं आणि पांढरं. तिने आधी चहा दिला. हिरवा, बिनसाखरेचा. विश्वासरावांनी तो औषध घ्यावा तसा घेतला. मग तिने हात धुतले, जमिनीवर स्वच्छ कागद पसरला आणि गुडघ्यांवर बसून किमोनोची घडी उलगडली. मीही आदराने तसाच बसलो. पुढचा सगळा प्रसंग माझ्या पायांना मुंग्या येत असताना घडला हे वाचकांनी ध्यानात घ्यावं.

तिने काखा पाहिल्या नाहीत. सरळ कडेवर बोट ठेवलं आणि पांढऱ्या धाग्यावरून सावकाश खालपर्यंत नेलं.

"किती सरळ," ती म्हणाली.

सुषमाने दोन श्वास घेतले. मला वाटलं तिसरा घेऊन ती चहाचं कौतुक करेल.

"ते माझ्यामुळे!" सुषमा एकदम म्हणाली, आणि मग मराठी, हिंदी, इंग्रजी एकाच वाक्यात कोंबून सगळं सांगून टाकलं. काखा, बखई, धागे, पुठ्ठा, इब्रा, उम्म सईद, सगळं. "तुझ्या आईचे टाके मी काढून टाकले. हे इब्र्याच्या म्हातारीचे आहेत. मी तुला फसवणार होते. सॉरी, हारुको. सॉरी."

हारुकोचं बोट तसंच कडेवर. या प्रसंगी काहीतरी गंभीर बोलावं म्हणून मी घसा साफ केला, तेव्हा विश्वासरावांनी माझ्या पायावर पाय दिला. आधीच मुंग्या आलेल्या पायावर.

"माझी आई फार वाईट शिवायची," हारुको अखेर म्हणाली. "तिचे टाके एक लांब, एक आखूड, मध्येच वाकडे. घडी उघडली तेव्हाच मला कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या लांबून आलात. आधी चहा तरी प्यायला हवा ना." मग तिने विचारलं, "तुम्ही ते कशाने काढले? कात्रीने?"

सुषमाने मान खाली घातली. "दातांनी."

हारुकोने तोंडावर हात ठेवला. ती रडतेय असं मला वाटलं. रडत होतीच थोडी, पण खांदे हसण्याने हलत होते. "मीसुद्धा ते काढणार होते," ती म्हणाली. "चाळिशीला ठरवलं, हात धजला नाही. पन्नाशीला ठरवलं, तर मला आईसारखंच वाटायला लागलं, की आता आपलं वय गेलं. मुलगी नाही, सून नाही. कोणीतरी एक दिवस विकून टाकलं असतं, धाग्यासकट. आमच्याकडे देवळांच्या आवारात जुन्या बाजारात असे ढीग पडलेले असतात. न घातलेल्याला भाव जास्त."

तिने किमोनो उचलून सुषमाच्या मांडीवर ठेवला. "काढा."

"काय?"

"धागा. त्या म्हातारीचा. तुम्हालाच सवय आहे."

"कात्री दे मग."

"कात्री कशाला?"

आणि सूर गावच्या त्या करड्या-पांढऱ्या खोलीत माझ्या बहिणीने गाठी दातांनी तोडल्या आणि दोघींनी मिळून धागा ओढून काढला. या वेळी कोणीही तो गुंडाळून ठेवला नाही. मग हारुको किमोनो घेऊन आत गेली. अर्धा तास गेला. विश्वासरावांनी हळूच साखर मागायची का असं विचारलं.

ती बाहेर आली तेव्हा आम्ही उठून उभे राहिलो, म्हणजे मी भिंतीला धरून. आई तिच्याहूनही लहान चणीची असावी. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर संपत होत्या, घोटे उघडे. पण जांभळा, पिवळा, तांबडा तो झगझगाट! इतका वेळ त्या खोलीत रंग नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं. सुषमा पुढे झाली, तिची बाही खाली ओढून पाहिली आणि सवयीने म्हणाली, "आत माया आहे गं, शिवणीतलं दोन बोटं कापड सोडता येईल." मग स्वतःच जीभ चावली.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. हेल्मेट काखेत, बूट धुळीने भरलेले. बायकोला पाहून उंबऱ्यातच थांबला आणि जपानीत काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतायत?" आम्ही विचारलं.

"विचारतायत, पाहुणे कधी जाणार," हारुको म्हणाली, आणि नवरा कानापर्यंत लाल झाला. त्याने खरं काय विचारलं होतं ते तिने आम्हाला सांगितलं नाही. आम्ही समजून हॉटेलवर गेलो.

समुद्राकाठी साधी, स्वच्छ खोली मिळाली. दुसऱ्या दिवशी गलबतं पाहून परतलो. समुद्राच्या कडेने मस्कतला जायचा रस्ता तेव्हा कच्चा होता, म्हणून पुन्हा इब्र्यावरूनच आलो. आता तिकडे नवा रस्ता होतोय असं ऐकतो. तो झाला तरी तुम्ही एकदा जुन्याच वाटेने जा, आणि बुधवारीच जा. सोबत बाईमाणूस असू द्या, नाहीतर कट्ट्यावर बसून नुसती कॉफी प्याल.

घरी आलो, लेख लिहिला. संपादकांनी वस्त्राची आश्रमव्यवस्था ठेवली आणि माझी बहीण कापली. लेखाला बरी पत्रं आली. एका वाचकाने किमोनो कुठे मिळेल असं विचारलं, मी सूरचा पत्ता दिला नाही. मला स्वतःला विचाराल तर इतिहास थोडा विसरलो. गुडघा अजून आठवण ठेवून आहे. वस्तू जपणं म्हणजे ती दूर ठेवणं असं मी पन्नास वर्षं मानत आलो होतो, त्यात थोडी गडबड झाली, एवढं मात्र खरं. परवा कपाटातली लग्नातली शाल काढून नुसती बाजारात जाताना पांघरली. बायकोने विचारलं, बरं वाटत नाही का.

जूनमध्ये सुषमाची ई-मेल आली. हारुको मस्कतला परतली होती आणि अल हैलला जेवायला आली, तोच किमोनो घालून. तिसऱ्यांदा घातलाय म्हणे. जेवताना आमटीचा थेंब उडाला, बरोबर मांडीवर, एका पिवळ्या पिसावर. सुषमाने लिहिलं होतं, "मी लगेच लिंबू आणि मीठ घेऊन धावले. तर ती ताडकन उठली, दोन्ही हात आडवे धरले, आणि माझ्याच स्वयंपाकघरात माझ्याकडूनच शिकलेल्या मराठीत ओरडली, 'सुषमाताई, हात नाही लावायचा!' वर फोटो काढून घेतला डागाचा. आईला दाखवायचाय म्हणाली, घरी तसबिरीपुढे ठेवून."

खाली एक ओळ सोडून आणखी होतं: "पण दादा, निघाला असता रे डाग. नुसत्या लिंबाने."